बुलबुलांची जोडी आणि वीस अक्षरं : रेशमावरच्या एका नकलेच्या नोंदी

२८ सप्टेंबर

चित्र ठरलं. चीनच्या सोंग राजवटीतल्या हुइझोंग सम्राटाच्या (राज्यकाळ ११०० ते ११२६) दरबारातलं 'ला-मेइ आणि रानपाखरं'. ला-मेइ म्हणजे थंडीत फुलणारं एक पिवळ्या फुलांचं झाड. मूळ रेशमावर आहे, ८३.३ सेंटिमीटर उंच, ५३.३ रुंद, आणि इथेच तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. फांदीवर दोन बुलबुल खेटून बसलेत आणि डावीकडे खालच्या बाजूला सम्राटाच्या हातची चार ओळींची कविता आहे. चित्रसुद्धा त्यानेच काढलं की चित्रशाळेतल्या एखाद्या दरबारी चित्रकाराने, यावर अभ्यासकांत वाद आहे. अक्षर मात्र त्याचंच मानतात.

आधी मनात बीजिंगच्या संग्रहालयातला सोनेरी फेझंट (कोंबड्याच्याच कुळातला पक्षी) होता. तोही हुइझोंगच्या कवितेचाच: गुलाबी फुलांच्या भारानं वाकलेल्या फांदीवर बसून दोन फुलपाखरांकडे मान वळवून बघणारा. त्या कवितेत पक्ष्याला 'पाचही गुणांनी पूर्ण' म्हटलंय. हे कोंबड्याचे जुने पाच गुण: डोक्यावरचा तुरा म्हणजे विद्या, पायाची नखी म्हणजे युद्धकला, शत्रूपुढे न हटणं म्हणजे धैर्य, दाणे दिसले की बाकीच्यांना हाक मारणं म्हणजे दया, आणि वेळेवर आरवणं म्हणजे सचोटी. पण त्याच्या मानेवरची पिसं बघितली आणि माझ्या हाताची पोच कळली. चित्रकलेच्या वर्गातल्या लाओशी (म्हणजे आपल्याकडच्या 'बाई') म्हणाल्या, "बुलबुल घे. तो रोज खिडकीत येतो, त्याला विचारता येईल."

सामान आणलं. न खळवलेलं रेशीम २ मीटर १,६०० तैवानी डॉलर, लाकडी चौकटी दोन ७००, ब्रश सात १,९००, रंग २,८००, सरस आणि तुरटी १८०. एकूण ७,१८०. रंगांत शिंपल्यांचा पांढरा, गॅम्बोज (झाडाच्या चिकाचा पिवळा), नीळ, गेरू, हिंगूळ आणि दगडी निळा-हिरवा.

वेळापत्रक असं लिहिलंय: रेशीम तयार करायला एक आठवडा, रेघा दोन आठवडे, रंग अडीच महिने, लेखन शेवटचे दोन आठवडे. अक्षरं वीसच आहेत.

५ ऑक्टोबर

रेशीम चौकटीवर ताणलं. गव्हाच्या खळीनं वरची आणि दोन्ही बाजूंच्या कडा चिकटवल्या, खालची कड सुतळीनं ओवून बांधली. ओलं झालं की रेशीम ढिलं पडतं आणि वाळताना परत ओढ घेतं, म्हणून खालची बाजू आवळता यायला हवी. मी पहिल्यांदा चारही कडा खळीनं चिकटवल्या होत्या. पाण्याचा हात फिरवल्यावर मधोमध झोळी झाली, सगळं सोडवून पुन्हा केलं. चार तास.

त्याआधी रेशीम चहात बुडवून काढलं होतं, पांढराफेक पडू नये म्हणून. चहा पातळ करून तीनदा बुडवावा. मी एकदाच दाट चहात बुडवलं. एका कडेला पट्टा उमटलाय. तो कापलेल्या भागात जाईल, म्हणून सोडून दिला.

१२ ऑक्टोबर

सगळा आठवडा वाया. कच्च्या रेशमावर रंग घेतला तर तो टीपकागदावर पसरावा तसा पसरतो. म्हणून सरस आणि तुरटीच्या पाण्याचे हात द्यायचे, त्यानं धाग्यांमधली भोकं बंद होतात. चित्रकलेच्या जुन्या चिनी पोथीतलं प्रमाण आजही चालतं: उन्हाळ्यात ७ भाग सरसाला ३ भाग तुरटी, हिवाळ्यात १० ला ३.

मी दोन चुका केल्या. पहिली, गरम सरसातच तुरटीची पूड टाकली. मिश्रण नासक्या दुधासारखं फाटलं, गाळून घेतलं तरी गुठळ्या राहिल्या. दुसरी, तैपेईची हवा दमट आहे म्हणून स्वतःच्या मनानं तुरटी वाढवली, ७ ग्रॅमला ५. वाळल्यावर रेशमावर साखर सांडल्यासारखे कण चमकायला लागले आणि त्यावरून ब्रश ओढला की करकर लागते, रेघ मध्येच अडते. शिवाय तुरटी जास्त झालेलं रेशीम पुढे ठिसूळ होतं. हे रेशीम आता सरावाला.

१६ ऑक्टोबर

दुसरा तुकडा. ७ ग्रॅम सरस रात्रभर भिजवून दुहेरी भांड्यात विरघळवला आणि कोमट होऊ दिला. ३ ग्रॅम तुरटी वेगळ्या भांड्यात गार पाण्यात. मग दोन्ही एकत्र, सगळं मिळून ४०० मिलिलिटर. एकदाच दाट हात देण्यापेक्षा पातळ तीन हात, प्रत्येक पूर्ण वाळू देऊन.

पारख सोपी आहे. कडेला पाण्याचा थेंब सोडायचा. पसरला तर हात कमी झाले, मोत्यासारखा उभा राहिला तर जास्त. माझा थेंब जागच्या जागी बसला, हळूच चपटा झाला. बरोबर.

२६ ऑक्टोबर

संग्रहालयानं चित्राची मोठी प्रतिमा सर्वांसाठी खुली ठेवली आहे. ती मूळ मापात छापून घेतली, त्यावरून कागदावर रेघा काढल्या, तो कागद रेशमाखाली लावून शाईनं वरून उतरवल्या. नक्कल करण्याच्या दोन पद्धती आहेत: 'मो' म्हणजे खाली मूळ ठेवून उतरवणं आणि 'लिन' म्हणजे बाजूला मूळ ठेवून, बघून काढणं. पाखरं आणि झाड 'मो' पद्धतीनं करतेय.

शाईची कांडी सहाणेवर चंदन उगाळावं तशी उगाळायची, घाई नाही. पाकळ्यांना फिकी शाई, खोडाला गडद. मी पहिल्या दिवशी सगळीकडे एकच शाई वापरली. सहा पाकळ्या तारेच्या केल्यासारख्या दिसताहेत. रंगाखाली थोड्या बुडतील.

२ नोव्हेंबर

सकाळी बागेत. इथला बुलबुल आपल्या लालबुड्यासारखा नाही. कपाळ काळं, डोळ्यामागून मानेपर्यंत पांढरा पट्टा, पंख हिरवट-पिवळट. गळाही पांढरा. चिनी नाव 'बाय-थौ-वेंग', म्हणजे पांढऱ्या डोक्याचा म्हातारा. हे नाव कवितेचं कुलूप उघडतं, पण ते पुढे लिहीन.

लाओशींनी सांगितलेली गोष्ट, बाराव्या शतकातल्या तेंग छुननं लिहून ठेवलेली. राजवाड्यातल्या लीचीच्या झाडाखाली मोर आला. हुइझोंगनं चित्रकारांना तो काढायला लावला. सगळ्यांनी झगमगीत मोर काढले, उंचवट्यावर चढायला उजवा पाय उचललेले. सम्राट म्हणाला, चूक आहे. काही दिवसांनी पुन्हा विचारलं, कुणालाच सांगता येईना. मग त्यानंच सांगितलं: मोर उंचावर चढताना आधी डावा पाय उचलतो. आपल्याकडे मोर कितीतरी वेळा बघितला, पाय कधी बघितला नाही.

मी दीड तास बुलबुलांचे पाय बघत बसले. पुढची तीन बोटं फांदीवरून खाली वळतात, मागचं बोट खालून धरतं, आणि गारठ्यात पक्षी बसला की पोटाची पिसं बोटांवर उतरतात, नखंच काय ती दिसतात. माझ्या सरावाच्या चित्रात पाय लांब निघाले होते. पक्षी फांदीला टेकलेलाच नव्हता, वरून आणून ठेवलेला वाटत होता.

१६ नोव्हेंबर

डोक्याचा पांढरा बिघडला. शिंपल्यांचा पांढरा समोरून दाट लावला, दोन दिवसांत त्याला भेगा गेल्या. मूळ चित्रात पांढरा आतून आल्यासारखा दिसतो, माझा वरून थापलेला.

भेगाळलेला रंग ओल्या ब्रशनं हलके हलके काढला. त्याच नादात खोडाच्या खालच्या भागातली एक गडद छटा फार झाली होती, तीही पाण्यानं घासून फिकी केली. छान निघाली.

३० नोव्हेंबर

उपाय सापडला, जुनाच आहे: पांढरा रेशमाच्या मागच्या बाजूनं लावायचा. रेशीम पारदर्शक आहे. मागून लावलेला पांढरा धाग्यांमधून झिरपून दिसतो आणि समोरून फक्त पिसांच्या केसांसारख्या रेघा पडतात. हा फरक फोटोत कळत नाही, चित्र हातात घेऊनच कळतो. डोक्याचा पट्टा आणि गळा असा केला. एका पक्ष्याच्या रेघा सुमारे ९०० असतील. मी मोजायला लागले होते, साडेचारशेनंतर सोडलं.

रेघांसाठी ब्रशचं टोक बोटांनी चपटं करून केस विस्कटायचे, म्हणजे एका ओढीत चार-पाच रेघा उमटतात. पण शेवटचा थर एकेका रेघेनंच घालावा लागतो. पंखांसाठी नीळ आणि गॅम्बोज मिसळून हिरवट रंग केला, वर गेरूचा पातळ हात. गॅम्बोज म्हणजे एका झाडाचा वाळलेला चीक. ते झाड आपल्या कोकमाच्याच कुळातलं. चीक विषारी आहे, ब्रश तोंडात धरायची सवय असेल तर आधी ती मोडा.

१४ डिसेंबर

फुलं. 'ला-मेइ'च्या नावात प्लमचा 'मेइ' असला तरी ते झाड प्लमच्या नात्यातलं नाही. ऐन थंडीत, पानं नसताना फुलतं, पाकळ्या मेणातून काढल्यासारख्या अर्धपारदर्शक, पिवळ्या. मी पिवळा रंग हळदीचा लावला आणि सगळं झाड लग्नघरासारखं दिसायला लागलं. माझ्या डोळ्यांना पिवळा म्हटला की तोच आठवतो.

दुरुस्ती: मागून पांढरा, समोरून गॅम्बोज इतका पातळ की वाटीत पाणीच वाटावं. असे सहा-सात हात, दोन ब्रशांनी. एकात रंग, दुसऱ्यात नुसतं पाणी. रंग टेकवायचा आणि लगेच पाण्याच्या ब्रशनं त्याची कड विरघळवायची. दर तीन हातांनंतर तुरटी-सरसाचा अगदी पातळ फवारा, म्हणजे खालचा रंग उठत नाही. इथे एक म्हणच आहे, तीनदा तुरटी नऊदा रंग. मी ती पाकळ्यांपुरती पाळली. खोडाकडे तुरटी फिरवायची राहिली, हे आज नोंदवून ठेवते.

२१ डिसेंबर

आठवडाभर पाऊस. रंग वाळत नाही. काम बंद, खोलीत हवेतला ओलावा ओढणारं यंत्र लावलंय.

४ जानेवारी

लेखनाचा सराव सुरू. कविता आधी समजून घेतली. उच्चार साधारण असा:

शान छिन जिन यी थाय,
मेइ फन नोंग छिंग रौ.
यी यौ दान छिंग युए,
छिएन छिउ ज्र बाय थौ.

रानपाखरांना आपल्या डौलाचा अभिमान आहे, फुलांची पूड मऊपणाशी खेळते आहे. 'दान-छिंग'चा करार आधीच झालाय: हजार शरद, पांढऱ्या डोक्यापर्यंत. 'दान' म्हणजे हिंगुळाचा लाल, 'छिंग' म्हणजे दगडी निळा-हिरवा, आणि दोन्ही मिळून शब्द होतो 'चित्रकला'. हे खनिज रंग विटत नाहीत, म्हणून न विटणारं वचन असाही अर्थ. आणि पांढरं डोकं म्हणजे म्हातारपणापर्यंतची सोबत. बाय-थौ-वेंग हे पाखरू चित्रात का आहे, ते शेवटच्या दोन अक्षरांत कळतं. ती दोन अक्षरं काढली तर उरतात फांदीवरचे दोन पक्षी.

'हजार शरद' वाचून थांबले. वाढदिवसाला आपण 'जीवेत् शरदः शतम्' म्हणतो. वर्षं शरद ऋतूंनी मोजायची रीत इथेही आहे.

अक्षराच्या वळणाचं नाव 'शौजिन', कृश सोनं. रेघ तारेइतकी बारीक, आडव्या रेघेच्या शेवटी ब्रश दाबून मागे घेतला की गाठ पडते, डावीकडे उतरणारी रेघ सुरीच्या पात्यासारखी. मनगट टेकवायचं नाही. मी पहिले चार दिवस अक्षरं गिरवली, खाली मूळ ठेवून. दिसायला बरोबर आली आणि सगळी मेलेली. लाओशी म्हणाल्या, "पाखरू गिरव, अक्षर गिरवू नकोस. रेघ जिथे थरथरली तिथे तू वाचत होतीस, लिहीत नव्हतीस." म्हणजे लेखन 'लिन' पद्धतीनं, बघून.

सगळ्यात अवघड अक्षर पहिलंच, 'शान', डोंगर. तीन उभ्या रेघा आणि तळाची एक आडवी. लपायला जागाच नाही.

१८ जानेवारी

चित्र गेलं.

सकाळी ९ ला लिहायला बसले. पंधरा अक्षरं नीट आली. नववं, 'छिंग', मूळापेक्षा बरं नाही पण वाईटही नाही. सोळावं अक्षर 'छिएन', हजार. तीनच फटकारे. मधल्या आडव्या रेघेच्या टोकाशी ब्रश दाबला आणि शाई धाग्याधाग्यातून पसरली, कोळ्याच्या पायांसारखी. टीपकागद लावला, उपयोग नाही. रेशमावर खोडता येत नाही. खरवडलं तर भोक पडतं.

कारण दुपारी कळलं. १६ नोव्हेंबरला खोडाची छटा घासून काढली, तेव्हा पाणी डावीकडे ओघळलं होतं आणि तिथेही मी ब्रश फिरवून पुसलं होतं. त्या जागेवरचा सरस-तुरटीचा थर तेव्हाच निघून गेला होता. रंग तिथे लावायचा नव्हता, म्हणून दोन महिने कळलंच नाही. ती जागा माझ्या लेखी रिकामी होती.

आतापर्यंत या चित्रावर ११८ तास गेलेत. फार वाईट वाटतंय.

१९ जानेवारी

लाओशींना दाखवलं. ठिगळ लावता येईल का, विचारलं. येतं, पण दिसतं. त्या बराच वेळ चित्राकडे बघत होत्या, मग म्हणाल्या, "पाखरं चांगली झालीत. पण हे चित्र तू पाखरांपासून बाहेर काढत आणलंस. कवितेला उरली ती जागा मिळाली."

घरी येऊन बाकीची चित्रं काढून बघितली, फक्त कविता कुठे आहे एवढंच. बॉस्टनच्या संग्रहालयातला हुइझोंगचा पाच रंगांचा पोपट: १२५ सेंटिमीटर लांब गुंडाळी, तिचा जवळजवळ अर्धा भाग अक्षरांनी भरलेला. दक्षिणेकडून नजराणा आलेला हा पोपट जर्दाळूच्या बहरावर बागडताना बघून कविता केली, असं सम्राट आधी गद्यात सांगतो, मग सात-सात अक्षरांच्या आठ ओळी. शंभर वर्षांनंतरचं, १२१६ सालचं मा लिन या चित्रकाराचं चित्र: प्लमच्या दोन फांद्या खाली, आणि वर सगळ्या रुंदीत यांग सम्राज्ञीची कविता, फुलांना गारठलेली, झोपलेली फुलपाखरं म्हणणारी. फांद्या तिथे अशा उतरल्यात की वरची जागा कवितेचीच राहावी.

आणि चित्रशाळेची परीक्षा. ११०४ मध्ये हुइझोंगनं चित्रकलेचं शिक्षण दरबारी चौकटीत आणलं, आणि प्रश्न म्हणून कवितेची ओळ द्यायची रीत होती. तेंग छुननंच दिलेलं उदाहरण: 'रानातल्या पाण्यावर पलीकडे जाणारं कुणी नाही, एकटी नाव दिवसभर आडवी.' बहुतेकांनी काठाला बांधलेली रिकामी नाव काढली, कुणी तिच्यावर बगळा बसवला, कुणी टपावर कावळे. पहिला आलेल्यानं नावेच्या टोकाशी आडवा पडलेला नावाडी काढला, जवळ बासरी. नावाडी आहे, उतारू नाहीत. ओळ त्यानं वाचली होती. तिथे ओळ आधी, चित्र मग.

माझ्या वेळापत्रकात लेखनाला शेवटचे दोन आठवडे होते.

२५ जानेवारी

नवं रेशीम, २ मीटर, १,६००. चिनी नववर्षाच्या सुटीत दुकानं बंद असतात, म्हणून आजच आणलं. या वेळी क्रम उलटा: रेशीम तयार करायचं, शाईच्या रेघा काढायच्या, आणि रंगाचा एकही थेंब पडायच्या आधी कविता लिहायची. बिघडली तर रेघांचे १५-२० तास जातील, शंभर नाही. दुसरा फायदा लाओशींनी सांगितला: आता मागून रंग नाही, रेशीम अजून पारदर्शक आहे, त्यामुळे खाली चौकटी आखलेला कागद ठेवून अक्षरांची उंची सांभाळता येते. रंगानंतर तो कागद दिसला नसता.

कुणी हे काम करणार असेल तर त्यानं अक्षरांचा सराव पहिल्या दिवसापासून सुरू करावा, रोज अर्धा तास. मी पाखरांना तीन महिने दिले आणि अक्षरांना दोन आठवडे. ही सगळ्या कामातली सगळ्यात महाग चूक.

१५ फेब्रुवारी

सराव चालू, आतापर्यंत ६० तास. रोज एकच ओळ. सरावाला पहिलं बिघडलेलं रेशीम वापरते, तुरटीचं. त्यावर ब्रश अडतो, त्यामुळे चांगल्या रेशमावर हात मोकळा चालतो. ते फेकलं नाही हे बरं झालं.

२२ फेब्रुवारी

लिहिली. सकाळी ७ वाजता, ऊन यायच्या आत. वीस अक्षरांना ४० मिनिटं लागली. आधी डाव्या कोपऱ्यात बाहेरच्या कडेला शाईचा ठिपका टाकून पारख केली, पसरली नाही. 'छिएन'शी आले तेव्हा हात थांबला. ब्रश ठेवला, खिडकीपाशी जाऊन आले, मग तीन फटकारे. विसावं 'थौ' मूळापेक्षा जाड झालंय. राहू दे.

मग तासभर नुसती बघत बसले. रेशमावर झाडाच्या फिक्या रेघा, पाखरांच्या बाह्यरेषा आणि कोपऱ्यात काळीभोर कविता. खोड उजवीकडून वर जाताना ज्या बाजूनं वळतं, ते वळण आता अक्षरांपासून अंग आवरून घेतल्यासारखं दिसतंय. पहिल्या चित्रात हे वळण मी शंभरदा गिरवलं होतं.

सम्राटाची सही घेतली नाही. तो 'स्वर्गाखाली एकटाच' अशी चार अक्षरं एका फटकाऱ्यासारखी गुंतवून करत असे. नक्कल करणाऱ्यानं ती उतरवू नये, लाओशींचं ठाम मत. त्या जागी छोटंसं 'लिन' आणि माझं नाव. तो स्वतःला एकटा म्हणवणारा माणूस ११२७ मध्ये चाल करून आलेल्या जुर्चेन लोकांच्या कैदेत राजधानी काईफेंगहून उत्तरेला नेला गेला आणि ११३५ मध्ये तिकडेच वारला. पाखरांच्या जोडीचं रेशीम इथवर आलं.

१५ मार्च

रंग पूर्ण. दुसऱ्या चित्राला ९६ तास. हळदीची चूक नाही, पांढरा सगळा मागून, खोडालाही तुरटीचा फवारा. अक्षरांवर रंगाच्या दिवसांत पातळ कागद झाकून ठेवत होते, तरी 'मेइ'वर पिवळ्याचा एक थेंब आलाच, मुगाएवढा. ओल्या कापसानं टिपला, डाग राहिलाय. हिंगूळ लागलाच नाही. 'दान-छिंग'च्या कवितेखाली शिक्क्याशिवाय लाल रंग नाही.

एक बाब अजून जमली नाही: दोन पक्ष्यांच्या मधली जागा. मूळात ती अंगाची ऊब असल्यासारखी मिटलेली आहे, माझ्याकडे दोन रेघांमध्ये रेशीम दिसतं. पिसं टोकाला अजून सैल सोडायला हवी होती.

२९ मार्च

मढवायला दिलं, ३,५००. एकूण खर्च १२,२८० तैवानी डॉलर, म्हणजे साधारण ३२,००० रुपये, वर्गाची फी वेगळी. वेळ दोन चित्रं आणि लेखनाचा सराव मिळून २७४ तास. रेशीम तयार करण्यात गेलेले दिवस यात धरलेले नाहीत.

मढवणाऱ्यांनी विचारलं, वर 'शी-थांग' ठेवू का? म्हणजे कवितेचं दालन: चित्राच्या वर लावलेला कोरा कागद, ज्यावर नंतरच्या माणसानं आपले शब्द लिहावेत. हो म्हटलं. त्यावर मराठी लिहायचं ठरवलंय. आठ दिवस ओळी फिरवतेय:

रानपाखरे मिरवती डौल,
फुलांची पूड वाऱ्यास मऊ.
रंगांनी दिधले आधीच वचन,
हजार शरद पांढरे होऊ.

'रौ' आणि 'थौ'चं यमक 'मऊ' आणि 'होऊ'त आलं. वारा मूळात नाही, तो मी घातला, आणि तो खटकतोय. 'पांढरे होऊ' मात्र बदलणार नाही. काळ्याचे पांढरे होणं आपल्याकडे नुसतं वय सांगतं, इथे ते दोघांनी मिळून दिलेलं वचन आहे.

५ एप्रिल

त्याच शौजिनच्या ब्रशनं देवनागरी लिहून बघितली. शिरोरेषा आड येते. बोरूनं ती एका जाडीची ओढतात, या ब्रशला शेवटी दाबून गाठ मारायची सवय लागली आहे, त्यामुळे प्रत्येक शब्दाच्या उजव्या टोकाला मणी येतो. सुटा शब्द बरा दिसतो, पूर्ण ओळीत मणी मोजावेसे वाटतात. आज शिरोरेषा आधी ओढून अक्षरं खाली टांगून पाहिली, मग उलट. अक्षरं आधी आणि रेषा शेवटी, हेच बरं. मढवणाऱ्यांकडून चित्र २० तारखेला येतंय. तोवर रोज एक ओळ.